सुझान लेंग्लेन आणि टेनिसचे गुण

क्रिकेटमध्ये शेवटच्या षटकात साठ धावा हव्या असतील तर आपण टीव्ही बंद करून जेवायला बसतो. निकाल कळलेलाच असतो. टेनिसमध्ये मात्र तसं करता येत नाही. तिथे घड्याळ नाही, षटकं नाहीत. शेवटचा गुण कुणीतरी जिंकावाच लागतो, आणि तोपर्यंत मागे असलेला खेळाडू हरलेला नसतो. हे नुसतं नियम वाचून नीट उमगत नाही. म्हणून आज सुझान लेंग्लेन या फ्रेंच खेळाडूचं चरित्र बघू, गुणपद्धत त्यातच येईल.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिसमध्ये झाला. लहानपणी तब्येत नाजूक, दम्याचा त्रास. ती अकरा वर्षांची असताना वडिलांनी तिच्या हातात रॅकेट दिली. वडील शार्ल हेच तिचे गुरू, आणि फार कडक गुरू. कोर्टवर एका जागी रुमाल टाकायचे आणि चेंडू नेमका त्यावरच पडला पाहिजे असा आग्रह धरायचे. १९१४ मध्ये, जेमतेम पंधरा वर्षांची असताना, तिने फ्रान्समध्ये भरलेली जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा जिंकली. मग पहिले महायुद्ध सुरू झाले आणि स्पर्धा थांबल्या.

१९१९ साली विम्बल्डन पुन्हा सुरू झालं. गवताच्या कोर्टचा सुझानला सराव नव्हता, तरी ती अंतिम सामन्यात पोहोचली. समोर होत्या इंग्लंडच्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स, सात वेळच्या विजेत्या. त्या चाळीस वर्षांच्या, ही वीसची. त्या काळी मागच्या विजेत्याला फक्त अंतिम सामनाच खेळावा लागे, त्यामुळे चेंबर्सबाई ताज्यातवान्या होत्या.

आता इथे गुणांचा हिशेब समजून घ्या. पहिला गुण मिळाला की १५ म्हणतात, दुसरा ३०, तिसरा ४०. शून्याला म्हणतात लव्ह. चौथा गुण मिळाला की गेम जिंकला. पण दोघांचे ४०-४० झाले तर तो 'ड्यूस'. हा शब्द फ्रेंचमधल्या 'दोन' या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि अर्थही तोच: आता लागोपाठ दोन गुण घ्या. एक घेतला की 'ॲडव्हान्टेज', दुसरा घेतला की गेम; मध्येच गमावला तर पुन्हा ड्यूस. असे सहा गेम जिंकले की सेट, पण तिथेही दोन गेमची आघाडी हवीच. महिलांमध्ये तीनपैकी दोन सेट जिंकणारी विजेती. आज ६-६ झाले की टायब्रेक होतो. विम्बल्डनमध्ये तो १९७१ साली आला, त्याआधी सेट कितीही लांबू शकत असे.

पहिला सेट सुझानने १०-८ असा घेतला, दुसरा ४-६ गमावला. ती इतकी दमली की वडिलांनी ब्रँडीत भिजवलेले साखरेचे खडे तिच्याकडे टाकले! तिसऱ्या सेटमध्ये ती ४-१ पुढे होती. मग चेंबर्सबाईंनी सगळं उलटवलं आणि धावफलक झाला ६-५, ४०-१५, त्यांच्या बाजूने. म्हणजे त्यांना फक्त एक गुण हवा होता, आणि तो मिळवायच्या दोन संधी हातात होत्या.

पहिल्या संधीला चेंडू सुझानच्या रॅकेटच्या लाकडी चौकटीला लागला आणि कसाबसा जाळ्यापलीकडे पडला. निव्वळ नशीब. दुसऱ्या संधीलाही ती वाचली. झाला ड्यूस! तो गेम तिने घेतला, आणि शेवटी सेटही ९-७ असा जिंकला. एकूण ४४ गेम झाले होते.

पुढे तिने १९१९ ते १९२३ सलग पाच आणि १९२५ साली सहावं विम्बल्डन एकेरी विजेतेपद मिळवलं. १९२५ च्या संपूर्ण स्पर्धेत तिने फक्त पाच गेम गमावले. सेट नव्हे, गेम! १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवली. १९२१ साली अमेरिकेत मात्र मोला मॅलरीविरुद्ध पहिला सेट २-६ गेला आणि दुसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच तिने खोकत, रडत कोर्ट सोडलं. तिथले प्रेक्षक नाराज झाले. ती खरंच आजारी होती, असं मला वाटतं.

फेब्रुवारी १९२६ मध्ये कान शहरात तिचा सामना अमेरिकेच्या हेलन विल्सशी झाला. पहिला सेट ६-३ घेतल्यावर दुसऱ्यात धावफलक काय असावा? ६-५, ४०-१५. या वेळी पुढे सुझान होती. हेलनने चेंडू मारला, 'आऊट' अशी आरोळी आली, दोघींनी हात मिळवले, फुलं आली. इतक्यात रेषेवरचा पंच पुढे आला: आरोळी प्रेक्षकांतून आली होती, चेंडू आतच पडला होता. सुझान मुकाट्याने परत खेळायला गेली. तो गेम हेलनने घेतला, ६-६ झाले. सुझानने अखेर सेट ८-६ असा जिंकला, तेव्हा ती पार थकून गेली होती.

त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये वेळेच्या गोंधळामुळे राणी मेरी तिची वाट बघत बसल्या, मोठी टीका झाली आणि सुझानने स्पर्धा सोडली. मग ती पैसे घेऊन खेळणारी व्यावसायिक खेळाडू झाली. तेव्हा हे कमीपणाचं मानलं जाई. नंतर पॅरिसमध्ये तिने मुलांना टेनिस शिकवलं. ४ जुलै १९३८ रोजी, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी तिचं निधन झालं. फ्रेंच ओपनमध्ये महिला एकेरीच्या विजेतीला मिळतो तो करंडक तिच्याच नावाचा आहे.