बिग बँगवाले फादर

'बिग बँग' हा शब्द आपण सगळ्यांनीच ऐकलाय. पण ही कल्पना पहिल्यांदा मांडली कुणी, असं हॉस्टेलवर विचारून बघा. बरेच जण आइन्स्टाइन म्हणतील, काही हबल म्हणतील. खरं उत्तर आहे जॉर्ज लमेत्र. आणि मित्रांनो, हे लमेत्र चक्क कॅथलिक धर्मगुरू होते! तेही आधी आपल्यासारखी इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतलेले.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे संतांची चित्रं बघतच मोठी झाले. त्यांत लमेत्र कधीच दिसले नाहीत, कारण चर्चने त्यांना संत घोषित केलेलं नाही. पण मला सगळ्यात जवळचे वाटतात ते हेच फादर. का, ते सांगते.

लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधल्या शार्लरुआ या गावी झाला. वडिलांचा काचेचा कारखाना होता. शाळा जेझुइट फादरांची. वयाच्या १७ व्या वर्षी त्यांनी ल्यूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि शिक्षण सोडून ते सैन्यात गेले. तोफखान्यात लढले, शौर्यपदकही मिळवलं. परत आल्यावर मात्र त्यांनी इंजिनिअरिंगला रामराम ठोकला. गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन १९२० साली डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी सेमिनरीत दाखल झाले. तिथे धर्मशिक्षण चालू असतानाच सापेक्षतावादाचा अभ्यासही चालू होता. १९२३ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि लगेच केंब्रिजला एडिंग्टन यांच्याकडे शिकायला गेले. तिथून पुढे अमेरिकेत हार्वर्ड आणि एमआयटी!

१९२७ साली त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जाताना दिसतात आणि जितकी लांब तितका वेग जास्त, याचं कारण त्यांनी दिलं. दीर्घिका पळत नाहीत, त्यांच्यामधलं अवकाशच ताणलं जातंय. पण निबंध फ्रेंचमध्ये आणि छापला बेल्जियमच्या एका नियतकालिकात, त्यामुळे फारसा कुणी वाचलाच नाही. त्याच वर्षी ब्रसेल्समध्ये आइन्स्टाइन भेटले. त्यांना गणित पटलं, पण प्रसरण पावणारं विश्व काही पटलं नाही. १९२९ मध्ये हबल यांची निरीक्षणं आली आणि नाव हबल यांचं झालं. १९३१ मध्ये लमेत्र यांचा निबंध इंग्रजीत आला, पण त्यातला नेमका वेगाचा आकडा काढल्याचा भाग गायब! तो कुणी दाबला, यावर पुढे खूप चर्चा झाली. २०११ मध्ये जुन्या पत्रांवरून कळलं की तो भाग खुद्द लमेत्र यांनीच गाळला होता. हबल यांची ताजी निरीक्षणं हाताशी असताना आपला जुना आकडा परत छापण्यात त्यांना अर्थ वाटला नाही.

१९३१ मध्येच ते आणखी पुढे गेले. विश्व पसरतंय, तर मागे मागे गेल्यावर सगळं एका ठिकाणी यायला हवं, म्हणून त्यांनी 'आदिअणू'ची कल्पना मांडली. 'बिग बँग' हे नाव मात्र १९४९ साली रेडिओवर दिलं ते फ्रेड हॉइल यांनी, ज्यांना हा सिद्धांत अजिबात मान्य नव्हता. आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर याच हॉइल यांचे विद्यार्थी आणि तेही बिग बँगवर शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले. फादरांनी बायबलमधली सृष्टीची निर्मितीच विज्ञानात घुसवली, असाही काहींना संशय होता.

आता खरी गंमत पुढे आहे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या नव्या विज्ञानाकडे निर्मात्याच्या अस्तित्वाची साक्ष म्हणून बोट दाखवलं. दुसऱ्या कुणाला आकाश ठेंगणं झालं असतं! लमेत्र अस्वस्थ झाले. १९५२ मध्ये रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांची परिषद होती आणि पोप तिथे बोलणार होते. त्याआधीच लमेत्र रोमला जाऊन पोपच्या विज्ञान सल्लागारांशी बोलले. त्या भाषणात पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. लमेत्र यांचं म्हणणं साधं होतं. सिद्धांत खरा की खोटा, ते निरीक्षणांनी ठरवायचं. त्यातून आस्तिकाला पुरावा मिळत नाही आणि नास्तिकाची अडचणही होत नाही.

विचार करा, ज्यांचा फायदा होत होता त्यांनीच तो नाकारला. तोही स्वतःच्या चर्चच्या सर्वोच्च माणसासमोर! आपल्याकडे प्रत्येक शोध आमच्या ग्रंथात आधीच होता, असे मेसेज रोज येतात. दुसरीकडे, इंजिनिअर होऊन देव कसला मानतेस, असं विचारणारेही भेटतात. व्हायवाच्या आधी हात जोडणाऱ्या माझ्यासारखीला दोघांनाही उत्तर द्यायचं असतं. लमेत्र यांनी ते जगून दाखवलंय. सकाळी मिस्सा म्हणायची आणि फळ्यावरचं समीकरण मात्र देवाच्या भरवशावर सोडायचं नाही.

१९५८ च्या सुमारास, साठी उलटल्यावर, ते विद्यापीठातल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरवर स्वतः प्रोग्रॅम लिहीत होते! २० जून १९६६ रोजी ते गेले. त्याच्या थोडं आधी आजारपणात त्यांना बातमी कळली की पेन्झियस आणि विल्सन यांना विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचा अवशेष सापडलाय. २०१८ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेने मतदान घेऊन हबल नियमाला 'हबल–लमेत्र नियम' म्हणावं, असं ठरवलं.

म्हणजे देव्हाऱ्यात नाही, पण फिजिक्सच्या पुस्तकात फादर पोचले. मला वाटतं, त्यांना हेच जास्त आवडलं असतं.