गाठायचं तर खाली उतरायचं

धारहून देवासला आजीकडे जाताना मामाची बाइक पुढे, माझी मागे. इंदूरच्या गर्दीत मी मागे पडले, की अ‍ॅक्सिलरेटर पिळून त्याला गाठते. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोच्या ‘स्पेडेक्स’ मोहिमेतले दोन उपग्रह एकमेकांना जोडले गेले, तेव्हा त्याबद्दल वाचताना कळलं, की वर कक्षेत असा वेग वाढवला तर मी आणखीच मागे पडेन! यामागचा नियम शोधणारा माणूस म्हणजे योहानेस केपलर. त्याचं आयुष्य वाचताना मात्र, कॅथलिक म्हणून, मला जरा अवघडल्यासारखं झालं.

केपलर १५७१ मध्ये जर्मनीत जन्मला. लहानपणी देवी आल्या आणि नजर अधू झाली. व्हायचं होतं लुथरन पाळक, झाला ग्रात्समध्ये गणिताचा शिक्षक. १६०० मध्ये तिथल्या कॅथलिक राजवटीने धर्म बदला नाहीतर शहर सोडा, असं फर्मावलं. त्याने शहर सोडलं. प्रागमध्ये त्याला नोकरी दिली तीही कॅथलिक सम्राट रुडॉल्फनेच. पुढे लिन्झला त्याच्याच लुथरन पाळकाने त्याला प्रभुभोजन नाकारलं, कारण पंथाच्या एका मसुद्यावर तो डोळे झाकून सही करेना. मला हे हद्दपारीपेक्षा जास्त लागलं.

तिथेच, १६१८ मध्ये, त्याला तिसरा नियम सापडला: फेरीच्या काळाचा वर्ग हा अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. सोप्या भाषेत, कक्षा जितकी जवळची, तितकी फेरी लवकर पुरी. म्हणून मागच्या उपग्रहाने वेग कमी करायचा. तो खाली उतरतो, फेरी लवकर संपवतो आणि पुढच्याला गाठत जातो. मग पुन्हा हलका धक्का देऊन वर यायचं. उंचीत एक किलोमीटरचा फरक असला, तरी दर फेरीला नऊएक किलोमीटरचं अंतर पडतं. उंची सारखी ठेवली की अंतर टिकतं. ४७५ किलोमीटर उंचीवर स्पेडेक्सची जोडी अशीच ५ किलोमीटरवरून ३ मीटरवर आणि मग एकत्र आली.

१६२० मध्ये केपलरच्या म्हाताऱ्या आईला चेटकीण ठरवून अटक झाली. चौदा महिने ती साखळदंडात होती. त्याने स्वतः तिचा बचाव लढवला, ती सुटली आणि काही महिन्यांतच गेली. चंद्रप्रवासावरच्या आपल्या कथेत त्याने नायकाची आई जादूटोणा जाणणारी दाखवली होती. त्या हस्तलिखितामुळेच अफवा पसरली, असं त्याला वाटत राहिलं. मग वर्षानुवर्षं तो त्या कथेला टिपा जोडत बसला. ती छापून आली १६३४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. त्याची कबर तोवर युद्धात नाहीशी झाली होती.