मेरी लायन : शिक्षिका घडविणारी शेतकरीकन्या

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांत बकलंड नांवाचें डोंगराळ खेडें आहे. तेथें एका शेतकऱ्याच्या घरीं ता. २८ फेब्रुवारी १७९७ रोजीं मेरी लायन हिचा जन्म झाला. ती पांच वर्षांची असतां वडील वारले. पुढें आईनें पुनर्विवाह केला, तेव्हां मेरी भावाचें घर सांभाळूं लागली. त्याबद्दल तो तिला आठवड्यास एक डॉलर देई. सतराव्या वर्षीं ती खेड्यांतील शाळेंत शिक्षिका झाली. पगार आठवड्यास पाऊण डॉलर व जेवणराहणें.

गणित व सृष्टिशास्त्रें स्त्रियांच्या बुद्धीस झेपत नाहींत, असा त्या काळीं तिकडेही पुष्कळांचा समज होता. लायनबाईंनीं तो वादानें नव्हे, तर अभ्यासानें खोडून काढिला. सांठविलेला पैसा त्यांनीं स्वतःच्या शिक्षणांत घातला. एमोस ईटन या शास्त्रज्ञांचीं व्याख्यानें ऐकून व पाद्री एडवर्ड हिचकॉक यांच्याजवळ शिकून त्यांनीं रसायनशास्त्र हस्तगत केलें.

गरीब घरच्या मुलींना हेंच ज्ञान मिळावें व त्यांतून उत्तम शिक्षिका तयार व्हाव्या, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठीं १८३४ पासून हातांत हिरवी मखमली पिशवी घेऊन त्या गांवोगांव फिरल्या. एकट्या स्त्रीनें असें हिंडावें हें कित्येकांस रुचलें नाहीं. पण बाई थांबल्या नाहींत. इप्सविच गांवच्या स्त्रियांनीं सुमारें एक हजार डॉलर दिले. कोणी अवघे सहा सेंट दिले, तेही त्यांनीं आदरानें घेतले.

ता. ८ नोव्हेंबर १८३७ रोजीं साउथ हॅडली येथें माउंट होलिओक विद्यालय उघडलें. पहिल्या वर्षीं सुमारें ऐंशीं मुली आल्या. वर्षाची फी साठ डॉलर, म्हणजे इतर तशा विद्यालयांहून पुष्कळच कमी होती. हें साधलें कसें? स्वयंपाक, धुणें, झाडलोट हीं कामें मुली आपसांत वांटून घेत. शिक्षिका थोडक्या वेतनावर राबत. स्वतः लायनबाई वर्षास दोनशें डॉलर घेत. मात्र अभ्यासांत सवलत नव्हती. शेवटची परीक्षा उतरण्यास गणित व शास्त्र यांचे सात विषय पुरे करावे लागत. रसायनशास्त्र बाई स्वतः शिकवीत, आणि प्रयोग नुसते पाहून न भागतां मुलींना आपल्या हातांनीं करावे लागत.

ज्या ठिकाणीं शिकविण्यास सहसा कोणी जात नसे, तेथें या मुली गेल्या. फिडेलिया फिस्क यांनीं १८४३ मध्यें इराणांत उरुमिया येथें जाऊन मुलींची शाळा चालविली. चेरोकी या आदिवासी राष्ट्रानें १८५१ मध्यें आपल्या मुलींसाठीं विद्यालय उघडलें, तें याच धर्तीवर; पहिल्या शिक्षिकाही येथूनच गेल्या. दक्षिण आफ्रिकेंत वेलिंग्टन येथें १८७४ मध्यें असेंच विद्यालय निघालें.

तें पाहण्यास बाई राहिल्या नव्हत्या. एका आजारी विद्यार्थिनीची शुश्रूषा केल्यावर थोड्याच दिवसांत, ता. ५ मार्च १८४९ रोजीं, बावन्नाव्या वर्षीं त्यांनीं देह ठेविला. त्यांची संस्था मात्र अद्याप चालू आहे.

वाचकहो, आपल्या गांवच्या एखाद्या मुलीस हिशेबांत गोडी असेल, तर तिला शाळेंतून लवकर काढूं नका. ती एकटी शिकेल, पण तिच्या हातून गांवेंच्या गांवें शिकतील.