अल्फ्रेड बर्ड : पत्नीला चालेल असे कस्टर्ड शोधणारा रसायनज्ञ

घरातल्या एका व्यक्तीला एखादा पदार्थ सोसत नसेल, तर बहुतेक घरांत तिच्या ताटात वेगळे काहीतरी वाढले जाते. सणासुदीला, पाहुण्यांसमोर हे वेगळेपण जास्तच टोचते. अंड्याची ॲलर्जी असलेली मुले आणि सिलिॲक आजारामुळे गहू बंद झालेले रुग्ण ही गोष्ट वारंवार सांगतात. अशा कुटुंबांनी अल्फ्रेड बर्ड यांचे चरित्र जरूर जाणून घ्यावे.

बर्ड यांचा जन्म १८११ साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात झाला. त्यांनी औषधनिर्मितीचे आणि रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १८३७ मध्ये बर्मिंगहॅम शहरात स्वतःचे दुकान थाटले. पत्नी एलिझाबेथ यांना अंडी सोसत नसत आणि यीस्टही चालत नसे. त्या काळच्या इंग्रजी घरात हे फार अडचणीचे होते. पाव यीस्टने फुगत असे. आणि जेवणानंतरच्या गोड पदार्थांवर ओतायचे कस्टर्ड म्हणजे दूध, साखर आणि अंड्यातला पिवळा बलक.

ॲलर्जी हा शब्दच वैद्यकशास्त्रात १९०६ साली आला. म्हणजे बर्ड यांच्यापुढे ना निदान होते, ना तपासणी. अमुक खाल्ले की पत्नीला त्रास होतो, एवढेच त्यांना दिसत होते. कस्टर्डमध्ये अंडे नेमके काय काम करते, हा प्रश्न त्यांनी रसायनज्ञाच्या नजरेने पाहिला. बलकातली प्रथिने उष्णतेने गोठतात आणि दूध दाट होते. दाटपणा पिष्टमय पदार्थानेही येतो. म्हणून त्यांनी अंड्याचे काम पिष्टाकडे सोपवले. पुढे हीच पावडर कस्टर्ड पावडर म्हणून घराघरांत गेली. आज आपण फ्रूट कस्टर्डसाठी जी पावडर वापरतो, ती याच कल्पनेवर चालते. तिच्यात मुख्यतः कॉर्नफ्लोअर असते आणि पिवळेपणा रंगाचा असतो.

असे सांगतात, की हे कस्टर्ड सुरुवातीला फक्त एलिझाबेथ यांच्यासाठीच होत असे. एकदा ते पाहुण्यांना वाढले गेले आणि सगळ्यांना आवडले. मग बर्ड यांनी ते विकायला सुरुवात केली.

यीस्टचा प्रश्न त्यांनी १८४३ मध्ये सोडवला. खाण्याचा सोडा आणि कोरडे आम्ल एकत्र ठेवले, तर ओलावा मिळताच त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि पीठ फुगते. या बेकिंग पावडरचा पाव क्रिमियन युद्धात ब्रिटिश सैनिकांपर्यंत पोहोचला. बर्ड यांना इतरही छंद होते. १८५९ मध्ये त्यांनी पाण्यावर चालणारा बॅरोमीटर बनवला. काचेच्या सुरेल वाडग्यांवर ते संगीतही वाजवत. १८७८ मध्ये त्यांचे निधन झाले. धंदा मुलाने वाढवला. बर्मिंगहॅमच्या डिगबेथ भागातला त्यांचा जुना कारखाना आजही कस्टर्ड फॅक्टरी या नावाने ओळखला जातो.

एक प्रश्न राहिला : गहू

बर्ड यांनी अंडे आणि यीस्ट बाजूला केले, पण पावातला गहू तसाच राहिला. त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १८८८ मध्ये, लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनी सिलिॲक आजाराचे स्पष्ट वर्णन प्रसिद्ध केले. उपचार आहारातच आहे हे त्यांनी ओळखले होते. मात्र दोष गव्हाचा आहे, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले.

अंड्याची ॲलर्जी आणि सिलिॲक आजार यांतला फरक लक्षात घ्या. ॲलर्जीत अंडे खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत पित्त उठणे, ओठ सुजणे, उलट्या होणे किंवा धाप लागणे असा त्रास होतो. धाप लागली किंवा शुद्ध हरपू लागली, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. सिलिॲक आजारात गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या आवरणाला हळूहळू इजा होते. जुलाब, पोट फुगणे, रक्त कमी होणे, मुलांची वाढ खुंटणे ही त्याची लक्षणे आहेत. शंका असेल तर गहू स्वतःहून बंद करू नका. आधी रक्ततपासणी करून घ्या, कारण गहू बंद केल्यावर तपासणी चुकीने सामान्य येऊ शकते.

सर्वांना चालणारा ॲपल क्रम्बल

सफरचंदावर पिठाचा खुसखुशीत थर भाजून केलेला हा इंग्रजी पदार्थ ग्लूटेनशिवाय सहज जमतो. पावाला ग्लूटेनचा चिवटपणा लागतो. क्रम्बलचा थर मुळातच भुसभुशीत हवा असतो.

सुमारे ७५० ग्रॅम सफरचंदांच्या फोडी, २ मोठे चमचे साखर आणि थोडी दालचिनी भांड्यात पसरा. १०० ग्रॅम तांदळाचे पीठ, ५० ग्रॅम बदामाची पूड आणि ६० ग्रॅम साखर एकत्र करा. त्यात ७५ ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळा. रवाळ झाले की फोडींवर पसरा आणि १८० अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटे भाजा.

कस्टर्डसाठी २ मोठे चमचे पावडर आधी थोड्या थंड दुधात कालवा. गरम दुधात थेट टाकल्यास पिष्ट बाहेरून लगेच फुगते आणि गुठळ्या होतात. मग ती अर्धा लिटर गरम दुधात ओतून, साखर घालून, दाट होईपर्यंत ढवळा.

हे तपासा

कस्टर्ड पावडर व बेकिंग पावडरच्या पाकिटावर गव्हाचे पिष्ट लिहिलेले नाही ना, हे पाहा. तांदळाचे पीठ गव्हाच्याच गिरणीत दळू नका. घरातली चाळण वेगळी ठेवा. आपल्याकडच्या बांधणीच्या हिंगातही अनेकदा मैदा असतो, हेही विसरू नका. बदामाची ॲलर्जी असल्यास त्याऐवजी तांदळाचेच पीठ वाढवा. दूध चालत नसेल, तर लोणी आणि कस्टर्डचे दूध दोन्ही बदलावे लागेल. मधुमेहींनी प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

आणि हा क्रम्बल एकासाठी वेगळा करू नका. एकाच भांड्यात करा, सगळ्यांना त्यातूनच वाढा. गव्हाची पोळी त्याच ताटात आली नाही, तर तो सर्वांसाठी तितकाच सुरक्षित राहील.