घटक ४ : अण्णा भाऊ साठे – जीवन आणि समाजवादी साहित्यदृष्टी

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील.
१. अण्णा भाऊ साठे यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
२. त्यांच्या समाजवादी साहित्यदृष्टीची जडणघडण स्पष्ट करता येईल.
३. ‘फकिरा’ ही कादंबरी आणि ‘स्मशानातील सोनं’ ही कथा यांच्या आधारे विचार आणि कलाकृती यांचा संबंध उलगडून दाखवता येईल.
४. त्यांच्या लेखनाचे सामर्थ्य आणि मर्यादा यांविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मराठी साहित्यविचारात कलावाद आणि जीवनवाद यांचा वाद गाजत होता. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर ही नावे त्या वादाशी जोडली गेली. त्याच काळात या प्रश्नाला एक तिसरी बाजूही प्राप्त झाली. १९३५ मध्ये लालजी पेंडसे यांचा ‘साहित्य आणि समाजजीवन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मराठी साहित्याकडे मार्क्सवादी दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न सुरू झाला. पुढच्याच वर्षी लखनौ येथे प्रेमचंद यांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखकांचे अधिवेशन भरले. साहित्य कोणत्या वर्गाच्या जीवनातून निर्माण होते आणि ते कोणाच्या बाजूने उभे राहते, असा प्रश्न ही मंडळी विचारीत होती.

या दृष्टीवर एक आक्षेप आरंभापासून घेतला गेला. लेखकाने एखादी विचारप्रणाली स्वीकारली की त्याची पात्रे त्या विचाराची बाहुली होतात आणि साहित्याचा प्रचार होतो, असा तो आक्षेप होय. हा वाद प्रामुख्याने सुशिक्षित मध्यमवर्गीय लेखक आणि समीक्षक यांच्यात चालला होता. ज्या वर्गाविषयी तो होता त्या वर्गातून आलेल्या, शाळेचा उंबरठा जेमतेम ओलांडलेल्या एका लेखकाने त्याला आपल्या लेखनातून उत्तर दिले. ते कसे दिले आणि ते कितपत पूर्ण होते, हे आपण त्यांच्या जीवनक्रमाच्या आधारे पाहणार आहोत.

४.२ बालपण आणि मुंबईतील जडणघडण

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव (ता. वाळवा, जि. सांगली, तेव्हाचा सातारा जिल्हा) येथे मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईचे नाव वालुबाई. गावगाड्यात मातंग समाजाच्या वाट्याला दोर वळणे, वाद्ये वाजवणे, गावाची राखण करणे अशी कामे होती; मोबदला मात्र बलुत्याचा, म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेला होता. त्यात ब्रिटिश राजवटीने अनेक जमातींबरोबर या समाजावरही गुन्हेगारीचा शिक्का मारला. हजेरी देण्याची सक्ती आणि पोलिसांचा संशय यांच्या छायेत ही पिढी वाढली. अस्पृश्यता, दारिद्र्य आणि परकी सत्ता यांचा अनुभव अण्णा भाऊंना बालपणीच एकत्रितपणे आला. पुढे त्यांच्या कथनात हे तीन धागे एकमेकांपासून सहसा सुटे होत नाहीत, याचे मूळ येथे आहे.

शाळेत ते अवघे दीड दिवस गेले असे सांगितले जाते. १९३०च्या दशकाच्या आरंभी दुष्काळाने गांजलेल्या या कुटुंबाने गाव सोडले आणि पायी चालत मुंबई गाठली. भायखळ्याच्या वस्तीत राहून अण्णा भाऊंनी हमाली केली, फेरीवाल्याचे काम केले, गिरणीत मजुरी केली. दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती वाचता वाचता त्यांनी अक्षरओळख पक्की केली. गिरणगावातील संप, मोर्चे आणि सभा हेच त्यांचे विद्यालय ठरले. मध्यंतरी गावी परतल्यावर नात्यातील बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते वावरले. ढोलकी, लावणी, वग आणि सोंगाड्याचे हजरजबाबी बोलणे यांचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले.

पुन्हा मुंबईत आल्यावर माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये त्यांचा कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी निकटचा संबंध आला. तेथील अभ्यासवर्गांतून मार्क्सवादाचा परिचय झाला आणि मॅक्झिम गॉर्कीसारख्या लेखकाचे साहित्य त्यांच्या वाचनात आले. तळागाळातील माणूस हा केवळ दयेचा विषय नसून कथेचा नायक होऊ शकतो, ही जाणीव या वाचनाने दृढ केली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. शोषणाचा अनुभव त्यांना आधी आला होता. समाजवादी विचाराने त्या अनुभवाची कारणमीमांसा पुरविली. अनेक मध्यमवर्गीय पुरोगामी लेखकांचा प्रवास याच्या उलट दिशेने झालेला आढळतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) अण्णा भाऊंच्या बालपणातील कोणते तीन अनुभव पुढे त्यांच्या लेखनात एकत्र आलेले दिसतात?
आ) तमाशाच्या फडातील अनुभवाने त्यांना काय दिले?

४.३ लाल बावटा कलापथक आणि लोकनाट्य

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडच्या लढाईवर अण्णा भाऊंनी पोवाडा रचला. शिवकाळापासून वीरांची कीर्ती गाणारा हा प्रकार त्यांनी दूरदेशीच्या कामगार आणि सैनिक यांच्या पराक्रमाकडे वळविला. बंगालच्या दुष्काळावरही त्यांनी रचना केली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या साथीने त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. कामगार वस्त्या, शेतकऱ्यांच्या परिषदा आणि गावोगावची मैदाने हे या पथकाचे रंगमंच होते.

‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचं इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ इत्यादी रचनांतून त्यांनी तमाशाला लोकनाट्याचे रूप दिले. पारंपरिक गणात गणेशाला वंदन असे. त्यांच्या गणात मातृभूमी, शिवराय आणि श्रमिक जनता यांना वंदन येऊ लागले. कृष्ण आणि गौळणी यांचा शृंगारिक भाग त्यांनी गाळला. सोंगाड्या, बतावणी आणि सवालजवाब मात्र कायम ठेवले. सावकार, भांडवलदार आणि निवडणुकीत उभा राहणारा ढोंगी पुढारी हे आता सोंगाड्याच्या चेष्टेचे विषय झाले. प्रेक्षकाला परिचित असलेला आकृतिबंध तसाच ठेवून त्यातील आशय बदलण्याची ही रीत होती. तिचा परिणाम इतका झाला की स्वातंत्र्योत्तर काळात तत्कालीन मुंबई सरकारने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड महाराष्ट्रभर गाजली. पोटासाठी मुंबईस आलेल्या पुरुषाची आणि गावी राहिलेल्या त्याच्या पत्नीची ताटातूट हा तिचा दर्शनी विषय आहे. ही ताटातूट हळूहळू महाराष्ट्रापासून दुरावलेल्या मराठी मुलखाचे रूपक बनते. स्थलांतरित कामगाराचे विरहदुःख आणि भाषिक राज्याची राजकीय मागणी यांचा येथे सांधा जुळला. घोषणेपेक्षा हे गीत अधिक काळ टिकले, कारण त्याच्या मुळाशी गिरणगावातील हजारो घरांचा प्रत्यक्ष अनुभव होता.

४.४ ‘स्मशानातील सोनं’ : कथेतून घडणारी मांडणी

अण्णा भाऊंच्या समाजवादी दृष्टीचे सर्वांत प्रगल्भ रूप त्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत दिसते. वारणाकाठचा धिप्पाड भीमा मुंबईत येतो. उपनगरातील दगडाच्या खाणीत त्याला काम मिळते. काही महिन्यांत खाण बंद पडते आणि तो बेकार होतो. चितेच्या राखेत त्याला सोने सापडते आणि त्यानंतर रात्री स्मशाने धुंडाळून, प्रेते उकरून सोने मिळवणे हाच त्याचा व्यवसाय होतो. एका रात्री प्रेतासाठी त्याला कोल्ह्यांशी झुंजावे लागते. त्याच प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि पुढे ती कापावी लागतात. त्याच वेळी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. दगड फोडणाऱ्या माणसाची बोटेच आता उरलेली नाहीत. हा पहाडासारखा गडी लहान मुलाप्रमाणे रडतो.

या कथेत भांडवलशाहीवर भाष्य करणारे पात्र नाही आणि संपाची हाकही नाही. तरीही बेकारी माणसाला कोठवर नेते, याचा कार्यकारणभाव कथेच्या रचनेत पक्का बसविलेला आहे. खाण बंद होणे ही पहिली घटना आणि खाण सुरू होणे ही शेवटची घटना. या दोहोंवर भीमाचे काडीचेही नियंत्रण नाही. त्याच्यापाशी फक्त श्रमशक्ती आहे आणि शेवटी तीच हिरावली जाते. प्रेते उकरणाऱ्या भीमाकडे लेखक तुच्छतेने पाहत नाही, त्याचे उदात्तीकरणही करत नाही. विचारप्रणाली कलाकृतीला बाधक ठरते या आक्षेपाची तपासणी करावयाची असल्यास ही कथा अवश्य अभ्यासावी. विचार येथे संवादात सांगितलेला नसून घटनांच्या क्रमात मुरलेला आहे.

४.५ ‘फकिरा’ : वर्ग, जात आणि स्वाभिमान

१९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’ कादंबरीस १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून राणोजी शेजारच्या गावाची जोगिणी आणतो आणि त्यात मारला जातो. त्याचा मुलगा फकिरा पुढे दुष्काळात उपाशी लोकांसाठी धान्य लुटतो, सरकारी खजिन्यावर घाला घालतो. अखेरीस आपल्या माणसांना ओलीस धरल्यावर त्यांच्या सुटकेसाठी स्वतःला सरकारच्या स्वाधीन करतो. फकिरा हा लेखकाच्या आजोळच्या नात्यातील ऐतिहासिक पुरुष होता.

काटेकोर मार्क्सवादी चौकटीत ही कादंबरी सहज बसत नाही. तिचा नायक संघटित कामगार नसून गावाच्या अब्रूसाठी प्राण देणाऱ्या बापाचा मुलगा आहे. शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी हे गावातील वरच्या जातींचे लोक त्याच्या बाजूने उभे राहतात. शोषक आणि शोषित अशी सरळ विभागणी लेखकाने टाळली आहे. ज्या समाजाला कायद्याने गुन्हेगार ठरविले, त्या समाजाच्या दृष्टीतून गुन्हा या संकल्पनेचाच पुनर्विचार करण्यास ही कादंबरी भाग पाडते. भुकेलेल्यांसाठी धान्य लुटणारा गुन्हेगार, की ते कुलूपबंद ठेवणारा, हा प्रश्न वाचकापुढे उभा राहतो.

ही कादंबरी अण्णा भाऊंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली आहे. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर उभी असल्याची समजूत बाजूस सारून, ती दलित व कष्टकरी जनतेच्या तळहातावर तोललेली आहे, अशा आशयाची मांडणी त्यांनी त्या भाषणात केली. तत्कालीन डाव्या चळवळीत वर्गलढ्याला अग्रक्रम होता. जातीचा प्रश्न त्यातून आपोआप सुटेल असा अनेकांचा विश्वास होता. दलित आणि श्रमिक हे दोन्ही शब्द एकत्र उच्चारून अण्णा भाऊंनी आपली वाट आखली. मार्क्स आणि आंबेडकर यांतील एकाची निवड करण्याची गरज त्यांच्या लेखनाला भासली नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) ‘स्मशानातील सोनं’ या कथेत खाणीचे बंद होणे आणि सुरू होणे यांना कोणते महत्त्व आहे?
आ) ‘फकिरा’ रूढ मार्क्सवादी चौकटीत सहज का बसत नाही?

४.६ अखेरची वर्षे आणि मूल्यमापन

१९६१ मध्ये अण्णा भाऊंनी सोव्हिएत रशियाचा दौरा केला आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे प्रवासवर्णन लिहिले. त्यांच्या अनेक कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. तरीही त्यांचे वास्तव्य दीर्घकाळ घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतच होते. तेथील माणसे ‘चिरागनगरची भुतं’ या संग्रहात अवतरली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पूर्ण होण्याआधीच, मुंबईत त्यांचे निधन झाले. कष्टकऱ्यांच्या श्रमाचे मोल त्यांच्या हाती पडत नाही, हे ज्याने आयुष्यभर लिहिले त्याचे स्वतःचे लेखनश्रमही त्याला अपवाद ठरले नाहीत.

तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या या लेखकाचे सर्व लेखन एकाच तोलाचे नाही. काही कादंबऱ्यांत योगायोगांची गर्दी आहे, नायक निर्दोष आणि खलनायक सर्वस्वी दुष्ट आहेत. उपजीविकेसाठी घाईने लिहावे लागल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. त्यांच्या स्त्रिया झुंजार असल्या तरी शील हे त्यांच्या मोठेपणाचे प्रमुख माप ठरते. प्रस्थापित नीतिकल्पना येथे पुरेशी तपासली गेलेली नाही. समाजवादी दृष्टीने साहित्य वाचणाऱ्या अभ्यासकाने या मर्यादांकडे डोळेझाक करू नये. तीच दृष्टी त्यांमागील आर्थिक कारणेही दाखविते.

४.७ समारोप

अण्णा भाऊंनी समीक्षेचा ग्रंथ लिहिला नाही. समाजवादी साहित्यदृष्टी म्हणजे काय, याचे उत्तर त्यांच्या लेखनातूनच शोधावे लागते. जेथे विचार पात्रांच्या तोंडी भाषणासारखा येतो तेथे त्यांचे लेखन दुबळे होते. जेथे तो भूक, काम, अब्रू आणि बेकारी यांच्या प्रत्यक्ष व्यवहारात विरघळतो तेथे ते श्रेष्ठ ठरते. लेखकाने बाजू घ्यावी की नाही, यापेक्षा त्या बाजूचे जीवन त्याला किती खोलवर ठाऊक आहे, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे, असे हे साहित्य सुचविते.

४.८ सरावासाठी स्वाध्याय

१. अण्णा भाऊ साठे यांच्या जीवनानुभवाचा त्यांच्या साहित्यदृष्टीशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. तमाशाचे लोकनाट्यात रूपांतर करताना अण्णा भाऊंनी काय टाळले आणि काय राखले, ते सांगा.
३. विचारप्रणालीमुळे साहित्याचा प्रचार होतो, या आक्षेपाचा ‘स्मशानातील सोनं’ या कथेच्या आधारे परामर्श घ्या.
४. उपक्रम : आपल्या परिसरातील स्थलांतरित कामगाराशी बोलून त्याच्या कामाची हकिकत दोन पानांत लिहा आणि ती लिहिताना कोणता तपशील गाळावासा वाटला, याचा विचार करा.