न जुळणारा हिशेब

माझे आयुष्य बँकेत गेले. एका रुपयाचा फरक निघाला, तरी झोप उडते. म्हणूनच आल्फ्रेड वर्नर मला आपला वाटतो.

१८६६ साली म्युलूझ येथे जन्मलेल्या या रसायनशास्त्रज्ञापुढे कोबाल्टचे कोडे होते. कोबाल्टच्या तिन्ही संयुजा क्लोरीनने भागल्या, तरी अमोनियाचे सहा रेणू त्याला धरून राहत. ते कोणत्या खात्यावर? १८९२ साली एका रात्री दोन वाजता वर्नरला जाग आली, ती उत्तर घेऊनच. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत लेख तयार झाला. धातूला दुसरेही एक खाते असते. त्यात सहा जण त्याच्याभोवती ठरलेल्या जागी बसतात!

वर्नर अवघा सव्वीस वर्षांचा, हाताशी स्वतःचे प्रयोग जवळजवळ नाहीत. कोपनहेगनच्या ज्येष्ठ योर्गेनसेननी कडाडून विरोध केला. गंमत म्हणजे वर्नरचा आधार होता योर्गेनसेन यांच्याच काटेकोर प्रयोगांचा. वर्नरच्या मते एका हिरव्या संयुगाचे जांभळे रूपही असायलाच हवे होते. १९०७ मध्ये त्याने ते बनवून दाखवले आणि योर्गेनसेननी हार मानली. १९१३ साली वर्नरला नोबेल मिळाले. १९१९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, तो गेला.

अशा बंधात दोन्ही इलेक्ट्रॉन एकच बाजू देते, हे नंतर उमगले. आज कार्बीनमधला कार्बन गंधकाला अशी जोडी देतो, तेव्हा ती नोंदही त्याच दुसऱ्या खात्यात पडते.

मला मात्र योर्गेनसेनही तितकेच आठवतात. स्वतःच्याच वहीने खोटे पाडले, तरी त्यांनी वहीत खाडाखोड केली नाही.