माधव महाराजांची तजवीज

आग लागली तर वर्ग कसे रिकामे करायचे, याचा सराव शाळेत झाला तेव्हा काही मुले हसत होती. आम्हांला मात्र त्या दिवशी कै. माधव महाराज शिंदे आठवले. आपल्या घरांतून त्यांचे नाव अजून निघते, पण बहुधा जेवणाच्या मेजावर धावणाऱ्या चांदीच्या आगगाडीपुरतेच!

महाराजांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. जून १८८६ मध्ये वडील जयाजीराव महाराज वारले, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. दुष्काळ, लढाई अशा अडचणीच्या वेळेसाठी संस्थानाने साठवलेल्या धनाला गंगाजळी म्हणत. तिच्या तळघरांचे गुपित मुलाला सांगायचे राहूनच गेले आणि पुढे शोधाशोध करावी लागली, असे जुने लोक सांगतात. धन आहे, पण ते कुठे आहे हे कुणाला ठाऊक नाही! या कथेत थोडा रंग भरलेला असेलही. महाराजांचा पुढचा कारभार मात्र नेमका याच्या उलट झाला.

१८९४ मध्ये अधिकार हाती आल्यावर त्यांनी पैसा पुरून न ठेवता रोख्यांत व उद्योगांत गुंतवला. दरबारचे धोरण लिहून काढून त्याची पुस्तके छापवली, म्हणजे अंमलदाराला हुकमाची वाट पाहत बसायला नको. कामाची पाहणी ते स्वतः करीत, रेल्वेचे इंजिनही चालवीत. १९०० साली चीनमध्ये लढाई पेटली तेव्हा त्यांनी आपल्या खर्चाने रुग्णालयाचे जहाज सज्ज करून दिले आणि स्वतःही तिकडे गेले.

पण सगळीच तजवीज पुरी पडली नाही. सांक नदीवरचे तिघरा धरण १९१७ च्या पावसाळ्यात फुटले. पायाखालच्या खडकात पाणी झिरपले आणि वरचा भक्कम बांध टिकला नाही. खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. त्यांना आधी सावध करण्याची काही सोय असती तर, असे आम्हांला राहून राहून वाटते. धरण पुन्हा बांधले गेले. आपल्या नळाला तिथलेच पाणी येते.

५ जून १९२५ रोजी महाराज पॅरिस येथे वारले. युवराज जिवाजीरावांना नऊ वर्षे पुरी व्हायला तीन आठवडे उरले होते. वडील गेले तेव्हा माधव महाराजांचे जे वय होते, जवळजवळ तेच! या वेळी मात्र काही शोधावे लागले नाही. महाराणी चिंकूराजे यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमले गेले, खाती चालू राहिली, आणि १९३६ मध्ये जिवाजीरावांनी चालता कारभार हाती घेतला.

शिवपुरीला सहलीला जाल तेव्हा तिथली महाराजांची छत्री जरूर पाहा.